बस्त्याची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. गादी म्हटलं की तुम्हाला उशी आणि झोप आठवेल, पण मी झोपायची गादी नाही. मी दुकानातली आहे. मुरूम गावच्या बाजारपेठेत शरणबसप्पांचं कापड दुकान आहे. तिथं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी अंथरलेली असते. माझ्यावर पांढरी चादर, चादरीवर मांडी घालून बसलेलं गिऱ्हाईक आणि त्याच्यापुढं उलगडलेली साडी. मला डोळे नाहीत. जग मला कळतं ते वजनातून, आवाजातून आणि चादरीवरून सरकत जाणाऱ्या उन्हाच्या उबेतून. त्यामुळं माझी गोष्ट कुठं कुठं स्वप्नासारखी वाटेल.

माझ्यातला कापूस इथल्याच काळ्या रानातला. शरणबसप्पांनी नवं दुकान टाकलं तेव्हा नदाफचाचांना बोलावून समोरच्या लिंबाखाली मला पिंजून घेतलं. पिंजणाची तार त्यूं त्यूं वाजायची आणि प्रत्येक ठोक्याला माझा एक पुंजका हवेत जाऊन हळूच खाली उतरायचा. वर असताना मला वाटायचं, आता मी उतरणारच नाही.

शरणबसप्पा तेव्हा ऐन तिशीत होते. ते चाचांच्या शेजारी उभे राहून सारखे सूचना करत होते.

"चाचा, लई मऊ नका करू. माणूस आत रुततं, मग त्याला उठायची घाई होते."

"मग काय दगड भरू?"

"दगड नको. मांडी घातली की खाली काय हाय ते विसरून जावं, तेवढी करा."

चाचांनी तार थांबवली. "शेट, गादी भरायला बोलवलंय का सोनं तोलायला?"

पण त्यांनी मला तशीच भरली. रुतू न देणारी आणि टोचूही न देणारी.

दुकान फार मोठं नव्हतं. रस्त्याला लागून दगडी पायरी होती, पायरीनंतर मी, आणि माझ्यामागं भिंतभर लाकडी कपाटं. माझ्या एका टोकाला एक खांब होता आणि खांबाला पाठ लावून शरणबसप्पांची बैठक. पायरीवर चपला काढल्या की त्या माझ्यावर बसलेल्या माणसाला शेवटपर्यंत दिसायच्या. ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण नवी चप्पल नजरेसमोर असली म्हणजे बाईमाणूस किती निवांत बसतं, हे मी जाणते. चादर पांढरीच का, तर रंगीत चादर साडीच्या रंगाशी भांडते, असं शरणबसप्पा म्हणायचे. साडी ते नेहमी दाराकडच्या उजेडात टाकायचे. "दिव्याखाली घेतलेली साडी घरी गेल्यावर दुसरीच निघती," असं सांगून गिऱ्हाइकाला ते पायरीपर्यंत नेऊन पदर दाखवायचे.

काय पाहिजे, असं त्यांनी कुणाला आल्या आल्या विचारलं नाही. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळं कानडी माणूस असलं तर "बर्री, कूडरी" आणि मराठी असलं तर "या, बसा". मग पाणी, मग गाव, मग पाऊसपाणी. साडीचा विषय गिऱ्हाइकानंच काढायचा.

वजनाची भाषा मी याच काळात शिकले. एक पाय खाली सोडून नुसतं टेकलेलं माणूस अजून मनानं रस्त्यावर असतं. पुरी मांडी पडली की त्याचं घर, त्याची कामं, त्याची एसटी सगळं जरा लांब जातं. एखादी बाई साडीवरून हात फिरवता फिरवता एका जागी तळवा दाबून धरते. तिची पसंती झालेली असते, फक्त जावेनं आधी बोलावं म्हणून ती थांबलेली असते. शरणबसप्पांनाही हे कळत असावं. अशा वेळी ते जावेकडं वळून म्हणायचे, "तुम्ही सांगा वैनी, तुमची नजर चांगली हाय." की झालंच काम.

माझे सगळ्यांत आवडते दिवस बस्त्याचे. तुमच्या घरी लग्न झालं असेल तर बस्ता तुम्हाला माहीत असेल. नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख, मानाच्या साड्या, आहेराचे टॉवेल-टोपी, असं सगळं कापड दोन्हीकडच्या माणसांनी एके दिवशी, एका दुकानात बसून घ्यायचं. पहिल्या साडीला हळदीकुंकू लागायचं. मुलीकडचे एका अंगाला, मुलाकडचे दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये माझ्यावर रंगांचा पूर. हिरवा, राणी, मोतिया, जांभळा. ते रंग मला दिसत नसत, पण रेशीम पडलं की अंगावरून गार झुळूक जायची आणि सूत पडलं की ऊब यायची. दिवस कलेपर्यंत मला आपण गादी आहोत की नदी, तेच कळायचं नाही.

शरणबसप्पांना एकच मुलगी, शिवप्रिया. शाळेतून आली की ती दप्तर टाकून माझ्यावर पालथी पडायची आणि गोष्टींची पुस्तकं वाचायची. तिचं वजन दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं, आणि मग एका वर्षी ते सोलापूरला निघून गेलं. तिथं शिकून ती एका मोठ्या साडीच्या शोरूममध्ये लागली. कुठली साडी दर्शनी लावायची, दिवा कुठून पाडायचा, गिऱ्हाईक आत आल्यावर कुठल्या बाजूला वळतं, हे बघणं तिचं काम होतं. सुटीत आली की बापलेकीची जुंपायची.

"अप्पा, तुम्ही साड्या कपाटात लपवून ठेवता. लोकांना डोळ्यांनी निवडू द्या की."

"मग आम्ही काय नाकानं दाखवतो व्हय?"

दोघंही हसायचे. शरणबसप्पा हसले की खांबाजवळ मी हलकी हादरायचे.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी शरणबसप्पा गेले. घरी, दुपारच्या झोपेत. मला कुणी सांगितलं नाही. चादर बदलली गेली नाही, त्यावरून मी समजले.

बरेच दिवस शटर उघडलं नाही. बंद दुकानात उन्हाची एक बारीक रेघ माझ्यावरून या टोकापासून त्या टोकाला जायची, तेवढीच. खांबाजवळ, जिथं ते इतकी वर्षं बसले, तिथला कापूस दबून एक खळगा झाला होता. त्यांच्या बसण्याचाच आकार. एक मांडी थोडी पुढं, डाव्या बाजूला जास्त भार. रेघ त्या खळग्यावर आली की वाकायची आणि पुढं गेली की सरळ व्हायची.

मग शिवप्रिया नोकरी सोडून आली. घरी आई, इरम्मा, एकटी होती. आणि दुकान बंद ठेवणं तिला बघवत नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं चादर बदलली, खांबाजवळ आली आणि खळग्याच्या शेजारी बसली. खळग्यात नाही. त्यानंतर कुणी गिऱ्हाईक पाठ टेकायला खांबाकडं सरकलं की ती पटकन म्हणायची, "तिथं नको मावशी, इकडं बसा." मावशी अवघडून उठायच्या. एकदा उठवलेलं माणूस दुसरीकडं नुसतं टेकतं. मांडी पुन्हा काही पडत नाही.

तिच्या काकांनी, भीमाशंकरांनी, हे दोनतीनदा बघितलं. ते शरणबसप्पांचे धाकटे भाऊ, आणि दुकानाचा गाळा दोघा भावांच्या नावावर.

"प्रिया, हे दुकान हाय का अण्णाची समाधी? बसू दे की लोकांना."

तिनं चादरीची सुरकुती ओढून सरळ केली.

"हे बघ, मोबाइलवाला गाळा मागतोय. मी त्याला थांबवलंय. ही लगीनसराई तुझी. बस्ते झाले तर दुकान चालव, मी आड येणार न्हाय. न्हाई झाले तर मग रडायचं न्हाय."

"नाही रडणार काका," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं जे केलं ते मन लावून केलं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. वहीभर चित्रं काढली. सोलापूरहून माणसं आणली. दाराला काच लागली, खाली चकचकीत फरशी आली, छतात पांढरे दिवे, गार हवेचं यंत्र, साड्या टांगायला स्टीलच्या दांड्या, दारासमोर माणसाच्या उंचीचा आरसा, आणि कमरेइतका उंच काउंटर. हे सगळं मला ठोकाठोकीच्या आवाजातून आणि कारागिरांच्या बोलण्यातून समजलं.

"ताई, ही गादी भंगारात देऊ का?" मिस्त्रीनं विचारलं.

"नको. हिला मी बघते."

तिनं मला स्वतः गुंडाळलं. खांबाकडच्या टोकानं सुरुवात केली, त्यामुळं खळगा सगळ्यांत आत गेला. वरून सुतळी आवळली. गाठ मारताना तिचा हात थांबला, मग गाठ पक्की बसली. मागच्या खोलीत भिंतीशी मला उभं केलं, आणि तिथं आयुष्यात पहिल्यांदा मला झोप लागली.

उभ्यानं झोपलेल्या गादीला कसली स्वप्नं पडतात म्हणाल, तर मला कापसाच्या बोंडाचं स्वप्न पडायचं. एका बोंडात मी आहे आणि बोंड मिटलेलं आहे. बाहेरून माणसांचे आवाज येतात, कुणी दार कुठंय ते विचारतंय, कुणी भाव विचारतंय. मला उघडायचं असतं आणि उघडता येत नसतं. आत कुणीतरी निजलेलं आहे, त्याची झोप मोडेल अशी मला धास्ती असते.

जाग आली की पुढच्या दुकानातलं ऐकत राहायचे. सुरुवात छान झाली. कॉलेजच्या मुली आल्या. टांगलेले कुर्ते त्यांनी स्वतः काढून अंगाला लावून बघितले, आरशासमोर फोटो काढले, खिदळल्या, घेऊन गेल्या. शिवप्रियाचं चुकलं नव्हतं. ज्याला स्वतःच्या हातानं निवडायचं आहे त्याच्यासाठी ते दुकान खरंच चांगलं झालं होतं.

पण बस्त्याची माणसं वेगळी. ती काचेपाशी थबकायची. आत पाऊल टाकलं की समोर आरसा, आणि आरशात उन्हातान्हातून, टेम्पोतून आलेलं आपलंच धुळीचं रूप. मग आवाज आपोआप खाली जायचे. आई एका दांडीशी, बाप दुसऱ्या, नवरी तिसऱ्या, मामा काउंटरला टेकून फोनवर. एखादीनं "ही कशी हाय गं?" विचारलं तर ऐकायला जवळ कुणी नसायचं. मित्रांनो, बस्त्याला एकमत लागतं, आणि उभ्या माणसांचं एकमत होताना मी तरी ऐकलं नाही. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणायचं, "जरा फिरून येतो." दार उघडायचं, बाहेरची गरम हवा आत यायची, दार मिटायचं. फिरून कुणी यायचं नाही.

शिवप्रियानं दिवे बदलले. दांड्या सरकवल्या. भाव लिहिलेल्या चिठ्ठ्या मोठ्या केल्या. रोज संध्याकाळी मागच्या खोलीत काहीतरी ठेवायला यायची, माझ्याजवळून जायची, पण हात लावायची नाही. माघ गेला. तुळजापूरच्या एका घरचा बस्ता ठरल्यासारखा होऊन उमरग्याला गेला. काकांचा एकदा फोन आला, तेव्हा ती फक्त "हो", "हो" म्हणाली.

आणि मग एके दिवशी बेळंब गावच्या कस्तुराबाई आल्या.

कस्तुराबाईंच्या घरचे सगळे बस्ते माझ्यावर झालेले. त्यांच्या नातीचं, वैष्णवीचं, लग्न कर्नाटकातल्या आळंदकडच्या मुलाशी, दिग्विजयशी, जमलं होतं. क्रुझर गाडी भरून दोन्हीकडची माणसं आली. दार उघडलं आणि कस्तुराबाईंचा आवाज मागच्या खोलीपर्यंत आला.

"आगं बाई! ह्ये दुकान म्हनायचं का दवाखाना? म्या म्हनलं आता नर्स येऊन केसपेपर मागती."

सगळे हसले. शिवप्रियाही हसली. "या की आजी आत. चपला राहू द्या पायात."

"फरशीत माझं थोबाड दिसतंय पोरी. त्येच्यावर चप्पल ठेवू व्हय?"

चपला बाहेर निघाल्या. काच मिटली.

"आन् चपला गेल्या मजी? परवाच घेतल्यात."

"नाही जात आजी."

"तुला काय, तुज्या तुज्या पायात हायत."

पुन्हा हसू उठलं, पण आधीपेक्षा लहान. मग नेहमीसारखं सगळे पांगले. वैष्णवीला कुठलीशी साडी आवडली होती, तिच्या आईला ती दिसली नव्हती, आणि मुलाची आई, म्हणजे कस्तुराबाईंची विहीण, टॉवेलांपाशी एकटीच उभी होती. कस्तुराबाई सारख्या काचेकडं जाऊन चपला बघून येत होत्या. त्यांची पावलं जड होत गेली.

"बसाया काय हाय का गं? गुडघं बोलाय लागलं."

शिवप्रियानं काउंटरमागचं आपलं स्टूल आणलं. दुकानात बसायला तेवढं एकच होतं. कस्तुराबाई त्यावर बसल्या, आणि दुकान गप्प झालं.

मित्रांनो, काय झालं ते तुमच्या लक्षात आलं का? मुलीची आजी उंचावर बसली आणि मुलाची आई उभी राहिली. कुणाच्या मनात काही नव्हतं. पण लग्नाच्या माणसांत मन नंतर बघतात, बसणं आधी.

शिवप्रियाच्या ध्यानात आलं. "मावशी, तुम्हालाही बघते काहीतरी, शेजारून खुर्ची..."

"ब्याड, ब्याड," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्याकडं नको म्हणायचं तर असंच कानडीत येतं. "आमी हुभंच बरं. आता पोरीकडच्यांनी बसावं, पोराकडच्यांनी हुभं ऱ्हावं, आसा नवा रिवाज निघालाय वाटतं."

कस्तुराबाई धडपडून उठल्या. "आवो विहीणबाई, गुडघ्यापायी टेकले ओ!"

"टेका की. आमचे गुडघे सरकारी हायत."

या वेळी कुणी हसलं नाही. वैष्णवीच्या बांगड्या मघापासून किणकिणत होत्या, त्या थांबल्या. कुणीतरी पुरुष हळूच म्हणाला, "उमरग्याला जाऊन बघायचं का?" दुसरा म्हणाला, "आधी बाहेर चला." दाराची काच करकरली.

तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडलं. शिवप्रिया आत आली. तिनं कपाळ माझ्यावर टेकलं. एवढंच. मग ती गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. तिनं कापडाची कात्री घेतली आणि सुतळी कापली.

"कुणीतरी हात लावा!" तिनं पुढं हाक मारली.

मुलीचे वडील आले. मुलाचा मामा आला. "आरं धर की तिकडून," "आता हिकडं वळीव," असं म्हणत दोन्हीकडच्या चौघांनी मला दारातून बाहेर काढलं. कुणाचा तरी धक्का लागून एक दांडी आडवी झाली, तिच्यावरचे कुर्ते खाली आले, आणि मामा म्हणाला, "घ्या, नवरदेवाच्या आधी कुरतेच वाकले पाया पडाया." त्यावर विहीणबाईंच्या नाकातून फुस्स असा आवाज आला. हसू म्हणण्याइतका नव्हता, पण आला.

मी उलगडत गेले. गार फरशी, वर दिवे, आणि आतून बाहेर येत असलेला तो खळगा. तो खांबापाशी, आपल्या जुन्या जागीच येऊन पडला.

"ही तर अप्पाशेटची गादी," कस्तुराबाई म्हणाल्या आणि काठाशी बसल्या. मुलीकडचे त्यांच्या अंगाला बसत गेले. विहीणबाई बसायच्या राहिल्या. त्या माझ्यावरून चालत चालत गेल्या, पाठीला आधार कुठं मिळतो ते बघितलं, आणि सरळ खांबाला टेकून खळग्यात बसल्या.

मी वाट बघितली. शिवप्रियाचं पाऊल माझ्या काठावर होतं. ते एकदा घट्ट झालं. बोटं चादरीविना उघड्या खोळीत रुतली. मग हळूहळू सैल झाली.

"बसा," ती म्हणाली. "पाठ नीट टेका मावशी. आणखी जरा मागं सरका, तिथं आराम वाटतो."

विहीणबाई मागं सरकल्या. त्यांची मांडी पडली. "आता कसं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "कस्तुराबाई, तिकडं काठाला काय बसलाव पावन्यासारखं? या हिकडं, माझ्यापशी."

पहिली साडी उघडली, तिला हळदीकुंकू लागलं. कस्तुराबाईंनी विचारलं, "ह्यो रंग खरा का दिव्याचा?" शिवप्रिया उठली, काचेचं दार सताड उघडलं आणि त्याला वीट लावली. गार हवा बाहेर गेली, ऊन आत आलं. बाहेर चपलांची रांग दिसायला लागली. सगळ्यांच्या मानांतला ताण मला बसण्यातून कळतो, तो त्या क्षणी उतरला. मग रेशमाची झुळूक आली, सुताची ऊब आली, आणि किती तरी महिन्यांनी माझ्यावरून पुन्हा पाणी वाहायला लागलं. मी जागी होते की स्वप्नात, ते सांगता येणार नाही. कुणीतरी म्हणालं, "पदर बघा पदर." कुणीतरी म्हणालं, "वैनी, तुम्ही सांगा." वैष्णवीचा तळवा एका साडीवर दाबून राहिला होता. शिवप्रियानं ते बघितलं असावं, कारण ती साडी तिनं विहीणबाईंच्या मांडीवर ठेवली. ऊन पायरीवरून खाली उतरेपर्यंत बस्ता चालला.

नंतर दुकान पुन्हा हललं, पण थोडंच. टांगलेले कुर्ते एका भिंतीला गेले, मुलींसाठी. आरसा दारासमोरून काढून आतल्या कोपऱ्यात लावला. साडी अंगाला लावलेली बाई तिथं गेली की तिला आधी साडी दिसते, धूळ नाही. दिवसा दार उघडं. मधोमध मी. बेळंबच्या माणसांनी गावात सांगितलं असेल, आळंदच्यांनी त्यांच्याकडं सांगितलं असेल. चैत्र, वैशाख माझ्यावर रोज मांड्या पडत राहिल्या.

अक्षय तृतीया झाल्यावर एका दुपारी भीमाशंकरकाका आले. गिऱ्हाईक नव्हतं. ते माझ्यावर बसले आणि तळव्यानं मला जागोजागी दाबून बघायला लागले. शिवप्रिया साडीच्या घड्या घालत होती. तिच्या हातांचा वेग वाढत गेला.

"फरशी लागतीय गं खालून," काका शेवटी म्हणाले. "हिच्यातला कापूस मेलाय. उन्हाळा हाय तोवर नदाफाला बोलाव. पुढच्या हंगामाला फुगलेली पाहिजे."

घड्या थांबल्या. "पुढच्या?"

"मग? त्या मोबाइलवाल्याला कवाच नाही म्हणून सांगितलं. त्याला आता गाळ्यापेक्षा तुझं काचेचं दारच जास्त आवडलं होतं."

ती हसली असेल. पण काका गेल्यावर ती तशीच बसून राहिली. पिंजायचं म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. मलाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तिनं शटर ओढून घेतलं आणि खांबापाशी आली. पहिल्यांदाच ती खळग्यात बसली. ती त्यात पुरी मावली, आणि तरी जागा उरली. तिनं पाठ टेकली, पाय पोटाशी घेतले. उन्हाची रेघ आमच्यावरून सावकाश गेली. ती रडली का, हे मला विचारू नका. मध्ये चादर होती.

नदाफचाचा आता नाहीत. त्यांचा मुलगा टेम्पोतून यंत्र घेऊन आला. खोळीची शिवण शिवप्रियानं स्वतः उसवली. कापूस बाहेर निघाला, यंत्राच्या एका तोंडातून गेला आणि दुसऱ्या तोंडातून ढगासारखा वर आला. खांबाजवळचा कापूस दाराकडच्यात मिसळला, दाराकडचा मधल्यात. शरणबसप्पांची जागा माझ्यात नेमकी कुठं आहे, हे आता मलाही सांगता येत नाही. सगळीकडं थोडी थोडी असणार.

मला शिवून झाल्यावर नदाफानं विचारलं, "ताई, कुठली बाजू खांबाकडं घालू?"

"कुठलीही घाला," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू कुणाच्या तरी आठवणीसाठी बांधून ठेवलेली असेल. खुर्ची असेल, सायकल असेल, शिलाई मशीन असेल. तिच्यावरचा हात, तिच्यावरचं बसणं पुसलं जाऊ नये म्हणून घरच्यांनी ती बाजूला ठेवली असेल. त्यांच्यावर रागावू नका. पण एखाद्या चांगल्या दिवशी हळूच विचारून तिची गाठ सोडा. तिला ऊन दाखवा. उसवली असेल तर शिवा, गंजली असेल तर तेल घाला, दबली असेल तर पिंजून घ्या. त्यात जुना ठसा जाईल. तेव्हा घरातलं कुणी गप्प बसलं तर त्याच्याजवळ जाऊन बसा, काही बोलायची गरज नाही. गेलेलं माणूस सांभाळणं आम्हा वस्तूंना जमत नाही हो. आम्हाला फक्त असलेल्या माणसांच्या उपयोगी पडता येतं. तेवढं करू द्या, म्हणजे आमचं म्हातारपण चांगलं जाईल.